खंडेनवमीचं दार

मी दार ओढलं, ते आपटलं आणि तसंच माघारी आलं.

पुन्हा ओढलं. खण्ण! पुन्हा माघारी. तिसऱ्यांदा जरा दम लावून ओढलं, तर ओट्यावरच्या खाटेवरून सासरे ओरडले, "अगं ए! दार हाय ते. धुणं आपटतीस का काय?"

"लागत नाहीये, आबा."

"लागत न्हाई म्हणजे?"

"म्हणजे लागत नाही. सकाळी लागत होतं, आता लागत नाही."

आबा उठले नाहीत. एरवी गाडीपाशी नुसता खट्ट आवाज झाला तरी भरल्या ताटावरून उठून येणारा माणूस, त्या दिवशी पान चघळत बसून राहिला.

"सांगितलं हुतं," ते म्हणाले. "बाईच्या हातात गाडी दिली की हेच व्हायचं. बिघडली ना? आता चावी आण आणि ठेव पूजेच्या पाटावर. विषय संपला."

चावी मी पाटावर ठेवली नाही. कमरेला खोचली.

एकवीस वर्षं झाली त्याला. आम्ही तेव्हा दहिवडीला राहत होतो. आबांनी एकतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात काढलेली, त्यातली शेवटची नऊ फोरमन म्हणून. आळीतलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना फोरमन म्हणायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. ती ते रोज पुसायचे आणि महिन्यातून दोनदा चालवायचे. त्या गाडीला कुणी नुसता हात टेकला तरी त्यांच्या कपाळावर आठी चढायची.

आणि मी त्यांची सून, उज्ज्वला. लग्नाआधी नर्सिंगचा कोर्स केलेली आणि लग्नानंतर सात वर्षं भाकऱ्या थापलेली. सात वर्षांनी नेमणुकीचा कागद आला. गाव कारंडवाडी, सव्वीस किलोमीटर, मधे तांबडा घाट. एस.टी. जायची एक सकाळी साडेअकराला आणि एक संध्याकाळी मुक्कामाची. उपकेंद्रात हजर व्हायचं होतं नऊ वाजता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हजर झाले नाही, तर माझी जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती, तसं कागदावर स्पष्ट लिहिलेलं. मे महिन्यात मी कुणाला न जुमानता गाडी शिकले होते, पहिल्या फटक्यात लायसन काढलं होतं. प्रश्न फक्त गाडीचा होता.

तो सुटला घटस्थापनेच्या दिवशी. भावकी जेवायला जमली होती. आबांचे थोरले चुलतभाऊ मिश्कील. भर पंगतीत त्यांनी विचारलं, "काय फोरमन, सुनंला गाडी देणार का कुलपात ठेवणार?" आबांना नाही म्हणता येईना आणि हो म्हणवेना. शेवटी म्हणाले, "गाडी धड हाय तवर नेऊ दे. ज्या दिवशी बिघडंल, त्या दिवशी हिचं ड्रायव्हिंग संपलं. फोरमनचा शब्द हाय."

मला वाटलं, जिंकले. आबांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलेली गाडी, ती कशाला मेली बिघडतेय!

आणि आता खंडेनवमीला दुपारी चार वाजता दार लागत नव्हतं.

त्या सकाळचं सांगायचं राहिलंच. सकाळी मी गाडी धुवून आणली, येताना बाजारातून झेंडू आणला. तेव्हा दार चार वेळा उघडलं आणि चार वेळा लागलं. मग पूजा झाली. आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. माजघरात पाट, पाटावर लाल कापड, त्यावर आबांचे पाने नंबरवार लावलेले, मग पक्कड, हातोडी, छिन्नी, आणि स्क्रूड्रायव्हर टोकं वर करून एका विटेला टेकवलेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाटीत ओलं कुंकू घेऊन बसायच्या आणि एकेकाच्या टोकाला हळद लावून वर कुंकवाचं बोट टेकवायच्या. वर झेंडूचं फूल. त्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं लुटून घरी येईपर्यंत त्या हत्यारांना कुणी शिवायचं नाही. एका खंडेनवमीला न्हाणीघरातला नळ तुटला होता. आत्याबाई दिवसभर बादल्या भरून परसात ओतत होत्या, पण आबांनी पाना उचलला नाही. "पूजेला बसलेलं हत्यार उठवलं तर वर्षभर हात चालत न्हाई," म्हणाले. हात आत्याबाईंचे गेले, ते सोडा.

त्या वर्षी मीही माझा ट्रे घासूनपुसून आणला होता. एक कात्री, दोन आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी धरायचे लांब चिमटे, आणि पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायची नळी. पाटाच्या कोपऱ्यात ठेवला.

"हे काय?" आबांनी विचारलं.

"माझी हत्यारं."

"ही बाळंतपणाची भांडी. हितं न्हाई मांडायची. उचल."

मी उचलला. रडूबिडू काही आलं नाही. राग मात्र असा आला की दुपारी पुरणपोळी घशाखाली उतरेना. जेवणं झाली, सगळे आडवे झाले, मी मागे भांडी घासत बसले. चार वाजता म्हटलं, घाटाच्या पायथ्यापर्यंत एक चक्कर मारून यावी, हात साफ होईल. तर हे असं झालं.

आमचे हे पुण्याला कंपनीत. सणाला चार दिवस आलेले. आवाज ऐकून डोळे चोळत बाहेर आले, दार दोनदा लावून बघितलं आणि म्हणाले, "गॅरेजवाला आज यायचा नाही. उद्याही नाही."

"माहीत आहे."

"मग जाऊ दे ना आता. पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ? अहो, ही वेळ यायला सात वर्षं लागली. पुढची येईपर्यंत मी काय तुमच्या आईएवढी होऊ का?"

"अगं पण आबा म्हणतायत..."

"आबा म्हणाले, गाडी धड असेल तर ने. मग मी ती धड करते."

खाटेवरून आबा हसले. "कशानं? दातानं? हत्यारं पाटावर हायती. आणि पाटाला कुणी हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो."

"तुमची हत्यारं पाटावर आहेत, आबा. माझी पूजेला बसवलीच कुठं तुम्ही? ती मोकळीच आहेत."

मी आत गेले आणि ट्रे घेऊन आले.

खरं सांगते, गाडीच्या दारातलं मला ओ का ठो कळत नव्हतं. पण दार म्हणजे काही देवाची करणी नव्हे. दाराच्या कडेला लॉक असतं, लॉकमध्ये एक आकडा असतो. समोर गाडीच्या खांबावर एक लोखंडी कडी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. दार लावलं की आकडा त्या कडीला धरतो. एवढंच. धरत नसेल तर तिघांपैकी एकाची चूक: बिजागरी, लॉक नाहीतर कडी. मी पदर खोचला आणि खाली बसले.

आधी दार खालून दोन्ही हातांनी उचलून बघितलं. हलत नव्हतं, म्हणजे बिजागऱ्या ठीक. मग लॉकमधला आकडा चमच्याच्या दांड्यानं आत ढकलून बघितला. तो आळसावल्यासारखा गेला आणि कसाबसाच अडकला. आत जुनं ग्रीस काळं ठिक्कर, त्यात धूळ, त्यात कसलेसे केस. म्हटलं, सापडलं! आकडाच चिकटलाय.

आतून साफ करायचं तर दाराचं आतलं पॅनेल काढायला हवं होतं, आणि त्याला स्क्रूड्रायव्हर हवा. इकडे तिकडे बघत होते, तर मागच्या दारानं आत्याबाई आल्या. पदराखालून एक छोटा चपटा स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात कोंबला.

"शिलाई मशीनच्या खणातला हाय," हळू आवाजात म्हणाल्या. "ह्याला कुंकू न्हाई लागलेलं."

"आबा रागावतील तुम्हाला."

"चाळीस वर्षं रागावत्यात. कर तू तुझं."

पॅनेल सोडवताना एक क्लिप तुटली. लगेच ओट्यावरून आवाज, "तोडा! तोडा समदं!"

"तुटली तर तुटली. दार तर लागतच नाहीये," मी मान वर न करता म्हटलं.

हे बिचारे बॅटरीचा उजेड धरून उभे होते. एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा वडिलांकडे. मी आर्टरीत कापूस धरला, रॉकेलमध्ये बुडवला आणि आत हात घालून पुसत सुटले. बोळ्यामागून बोळा. काळं पाणी गळत होतं, माझ्या साडीवर, हातावर, पायावर. जखम साफ करायची आणि लॉक साफ करायचं यात फारसा फरक नसतो, एवढं मला त्या दिवशी कळलं. कुठं दाबायचं आणि कुठं दाबायचं नाही, ते हाताला आपोआप कळतं. तास-दीड तास गेला. शेवटी शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि आकडा पुन्हा ढकलला. टक, टक. दोनदा वाजला आणि घट्ट बसला. हँडल ओढलं, सुटला. पुन्हा टक, टक. पुन्हा सुटला.

"झालं!" मी ओरडलेच. "अहो, झालं!"

पॅनेल लावलं, उभी राहिले, देवाचं नाव घेतलं आणि दार ओढलं.

खण्ण! माघारी.

ओट्यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आबा शांतपणे म्हणाले, "उन्हं उतरली. हात धू आणि दिवा लाव देवापुढं."

"चल आता," हे म्हणाले. "केलंस ना तू जेवढं होतं तेवढं?"

माझ्या डोळ्यांपुढे ती यादी आली. त्यावर माझं नाव, आणि खाली पुढच्या बाईचं. त्या बाईला मी कधी बघितलंही नव्हतं, पण त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला. मी गाडीच्या पायरीवर बसले. आमच्या ट्रेनिंगच्या सिस्टरबाई फार खाष्ट होत्या. त्या एक नेहमी सांगायच्या: बाई जिथं हात ठेवून दुखतंय म्हणते, तिथंच बघू नका, आजूबाजूलाही बघा. मी दाराकडे पाठ केली आणि खांबाकडे बघितलं.

"बॅटरी इकडे मारा. नाही, इकडे, कडीवर."

दार हळूहळू लोटत आणलं आणि फटीतून बघितलं. आकडा कडीला लागतच नव्हता. तिला नुसता चाटून बाजूनं जात होता. लॉक केव्हाचं नीट होतं, कडीच जागेवर नव्हती.

जागेवर नव्हती म्हणजे किती? तर तांदळाच्या दोन दाण्यांएवढी आत सरकलेली. कशावरून? कडीच्या भोवती वर्षानुवर्षांच्या धुळीची आणि तेलाची काळी चौकट बसली होती, आणि त्या चौकटीच्या एका बाजूला पांढराशुभ्र पत्रा उघडा पडला होता. त्यावर धुळीचा कण नाही. म्हणजे ती सरकली होती आजच. आणि कडी काही आपणहून सरकत नाही. दोन स्क्रू सैल करावे लागतात, ढकलावी लागते आणि परत आवळावे लागतात.

मी आणखी जवळ गेले. त्या स्क्रूंच्या डोक्यावर फुलीची खाच होती, आणि खाचेत काहीतरी लाल होतं. गंज असेल म्हटलं. आर्टरीच्या टोकानं टोकरलं तर ते मऊ निघालं, अजून जरासं ओलसर. नखावर घेतलं. कडेला पिवळं, मधे लाल.

कुंकू. खाली हळद, वर कुंकू.

"काय झालं?" यांनी विचारलं.

मी नख तसंच उजेडात धरलं. मी मागे भांडी घासत होते तेव्हा, घर झोपलेलं असताना, कुणीतरी पाटावरून पूजेचा स्क्रूड्रायव्हर उचलला होता. टोकाचं कुंकू न पुसता तो इथं खाचेत घातला होता. आणि त्या पाटाला हात लावायची छाती आमच्या घरात एकाच माणसाची होती. दुपारपासून तोच माणूस वर बसून मला सांगत होता, की बाईच्या हातात गाडी दिली की असं होतं.

आणि मी दीड तास रॉकेलमध्ये हात घालून बसले होते. त्यांनी बसू दिलं होतं.

डोकं तापलं. पण आधी काम. मशीनच्या स्क्रूड्रायव्हरनं ते दोन स्क्रू सोडवले. इतक्या जुन्या गाडीचे स्क्रू, पण लगेच सुटले. का नाही सुटणार! कडी जुन्या काळ्या चौकटीत बरोबर आणून बसवली आणि स्क्रू फिरवले. दार ओढलं. खट्! लागलं.

"लागलं!" हे लहान मुलासारखे हसले.

मी कडी बोटानं हलवून बघितली. किंचित हलत होती. तो एवढासा स्क्रूड्रायव्हर, त्याला आवळायचा जोर कुठून असणार? घाटात एका वळणाला दार उघडलं असतं तर माझी माती झाली असती. मोठा फुलीचा स्क्रूड्रायव्हरच पाहिजे होता. मी काळ्या हातांनी ओट्यावर चढले, आबांच्या खाटेजवळून गेले आणि सरळ माजघरात शिरले.

"कुठं चाललीस?" आबा मागून आले. "ए, पाटाला हात लावायचा न्हाई!"

मी पाटासमोर बसले. रांगेत पाच स्क्रूड्रायव्हर होते. चौघांच्या टोकाला हळदीकुंकवाचा ठिपका जसाच्या तसा. पाचवा, सगळ्यात मोठा, फुलीचा. त्याच्यावर झेंडूचं फूल नीट ठेवलेलं होतं. मी फूल बाजूला केलं. टोक कोरडं होतं आणि त्यावर ग्रीसचा काळा डाग होता. मी तो उचलला.

"अगं, पूजा!" हे दारातून ओरडले.

"ह्याची पूजा दुपारीच मोडली," मी म्हटलं. "आबा, बाकी सगळ्यांच्या टोकाला कुंकू आहे, फक्त ह्याच्या नाही. ह्याचं कुंकू कुठं आहे ते दाखवू? गाडीच्या कडीवर आहे. स्क्रूच्या खाचेत. अजून ओलं आहे."

आत्याबाई चुलीपाशी होत्या, त्या उठून आल्या. त्यांनी माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बघितलं, मग माझं नख बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पूजेचं हत्यार उचललंत?"

आबांनी मान फिरवली.

"नळ तुटला तवा मला दिसभर बादल्या उचलायला लावल्या! कंबर मोडली माझी! तवा पाना उचलंना तुमच्यानं. आणि आज लेकरानं कामाला जाऊ नये म्हणून उचललंत?" असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बहुधा आबांनीही ऐकला नसावा.

हे मधे पडले. "आई, असं कसं म्हणतेस? आबा, तुम्ही सांगा ना. तुम्ही नाही ना केलं?"

एक मात्र सांगायला हवं. तो माणूस हट्टी होता, आडमुठा होता, पण थेट विचारल्यावर खोटं बोलणारा नव्हता.

"मीच सरकवली," आबा म्हणाले.

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? त्या घाटातनं आलेल्या गाड्या मी बघितल्यात. माझ्याच वर्कशॉपात ओढून आणायचे. आम्ही धुवायचो त्या, आतनं. काय काय धुतलं ते तुला न्हाई सांगत. तुला जायचं हाय त्याच घाटातनं, रोज, एकटीनं. शब्द दिलेला, तो माघारी घेता येईना. मग काय करणार?"

दुसरी कुणी असती तर तिथंच विरघळली असती. यांचे डोळे तर भरलेच. मला मात्र तेव्हा जास्तच राग आला.

"काय करणार? मी सांगते काय करायचं होतं. ब्रेक बघायचे होते, आबा. टायर बघायचे होते. घाट उतरताना कुठला गियर ठेवायचा ते मला शेजारी बसून शिकवायचं होतं. एकतीस वर्षं हात काळे केलेत तुम्ही. अख्ख्या तालुक्याच्या गाड्या तुमच्या हातावर घाटातून सुखरूप गेल्या. आणि घरच्या सुनेच्या वेळेला त्या हातांना सुचलं काय, तर कडी सरकवणं? भीती वाटत होती तर भीती वाटते म्हणायचं होतं. बाईच्या हातात गाडी दिली की असंच होतं, हे कशाला म्हणालात? दुपारपासून मी स्वतःलाच बोल लावत बसलेय."

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन उठले.

"परवा सकाळी सात वाजता मी निघणार आहे," मी म्हटलं. "गाडी धड आहे. तुमचा शब्द तुम्ही मोडलात तरी मला चालेल. चावी माझ्याकडे आहे."

मी बाहेर गेले, दोन्ही स्क्रू जीव खाऊन आवळले, दार दहा वेळा उघडलं आणि दहा वेळा लावलं. खट्, खट्, खट्. आळीला ऐकू जाईल असं लावलं. मग हात धुतले आणि देवापुढे दिवा लावला. त्या रात्री आत्याबाईंनी आबांचं ताट वाढलं, पण शेजारी बसल्या नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी मला जाग आली ती लोखंडाच्या आवाजानं. उजाडलं होतं. माजघरात पाटावर नजर गेली तर अर्धा पाट रिकामा. पाने नाहीत, पक्कड नाही. फुलं तेवढी एका बाजूला गोळा करून ठेवलेली. मी बाहेर आले.

गाडीखाली पोतं अंथरलेलं होतं आणि पोत्यावरून आबांचे दोन पाय बाहेर आले होते. चारही चाकं पुसलेली. ब्रेकच्या तेलाचा डबा शेजारी. मी ओट्यावर उभी राहिले. मी आभार मानले नाहीत, त्यांनी माफी मागितली नाही. तुम्हाला सांगते, ती त्यांनी पुढे कधीच मागितली नाही, आणि मीही कधी माफ केलं असं म्हटलं नाही.

तेवढ्यात समोरून आळीतले वाघमोडे गुरुजी परडी घेऊन फुलांना निघाले होते. ते थबकलेच.

"काय हे फोरमन! अजून सोनं लुटायचंय, आणि तुम्ही हत्यारं उचललीत? तुम्ही?"

गाडीखालून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आबा म्हणाले, "काय करता गुरुजी. सुनंला उद्या ड्युटीवर जायचंय."

गुरुजी 'बरं बरं' म्हणून पुढे गेले. मी तिथंच उभी होते.

"बघत काय उभी राहिलीस?" गाडीखालून आवाज आला. "बस आत. ब्रेक दाब."

मी आत बसले, दार ओढून घेतलं आणि ब्रेक दाबला.

"सोड... दाब... आगं, जोर लाव की. घाट हाय तो. पायात ताकद न्हाई का?"

"आहे," मी म्हटलं, आणि पार तळापर्यंत दाबला.